चाळीस हजारांचे अनुदान आणि एकशे सतरा पाने

नाशिकच्या पंचवटीत वाघाडी नाल्याच्या अलीकडे आमच्या नोंदणीकृत संस्थेची एक अभ्यासिका आहे. एक हॉल, त्यात छत्तीस मुले-मुली, एक जुना पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणि रात्री अकरापर्यंत चालू राहणारे दिवे, एवढाच आमचा पसारा. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आईवडील दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमाली करतात किंवा भाजीची गाडी लावतात, आणि पोलीस भरतीच्या वा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला घरात जागा नाही म्हणून ही मुले आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी एका फाउंडेशनने ‘वस्तीपातळीवरील छोट्या संस्थांसाठी लघु अनुदान’ जाहीर केले तेव्हा आम्ही मोठ्या आशेने अर्ज केला. त्या आशेचे पुढे काय झाले, हे आज लिहायला बसलो आहे आणि संताप आवरून लिहिण्याचा माझा मुळीच विचार नाही.

अनुदान होते चाळीस हजारांचे. ते मिळवण्यासाठी आणि मिळाल्यानंतर ते खर्च केल्याचे सिद्ध करण्यासाठी आम्ही आजवर एकशे सतरा पाने सादर केली आहेत. हा आकडा रागाच्या भरात फुगवलेला नाही. आमच्या खजिनदार काकांनी प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक टाकून ठेवला आहे. काका नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले. जिथे कोरा कागदसुद्धा मोजून घ्यायचा आणि मोजून परत द्यायचा, अशा शिस्तीत त्यांचे आयुष्य गेले. अशा माणसाला फाउंडेशनच्या एका पंचविशीतल्या प्रतिनिधीने ‘फायनान्शियल डिसिप्लिन’ या विषयावर पाऊण तास ऑनलाइन प्रशिक्षण दिले आणि काकांनी ते वहीत टिपणे काढत शांतपणे ऐकले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

कागदपत्रे मागू नयेत असे माझे म्हणणे नाही. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याने हिशेब दिलाच पाहिजे आणि कायद्याने आम्ही तो देतोही. 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली आमची नोंदणी आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होते, आयकरात संस्थेला करसवलत देणारे बारा ए आणि देणगीदारांना सवलत देणारे ऐंशी जी आहे, आणि त्या ऐंशी जीचे आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेही केले आहे. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर क्रमांक आहे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा, निधी घ्यायचा तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म लागतो. त्याला डिजिटल सही हवी आणि सनदी लेखापालाचे प्रमाणीकरण हवे, तेही झाले. एवढे सगळे सरकारदरबारी एकदा तपासून झालेले असताना तीच कागदपत्रे पुन्हा स्वसाक्षांकित करून, प्रत्येक पानावर शिक्का मारून, पीडीएफ पाच एमबीच्या आत बसवून, शिवाय स्पायरल बाइंडिंग केलेल्या दोन प्रती कुरिअरने पाठवून नेमके कोणते सत्य बाहेर येते, एवढेच मला विचारायचे आहे. पन्नास लाख मागणाऱ्या संस्थेलाही हीच यादी आणि चाळीस हजार मागणाऱ्यालाही हीच. ‘लघु’ काय ते रकमेत, यादीत नाही.

अर्ज अर्थातच इंग्रजीत. भाजी विकणाऱ्या आमच्या अध्यक्ष काकूंना या वस्तीतल्या प्रत्येक घरात कोण आजारी आहे आणि कोणाच्या मुलीची शाळा सुटली आहे हे तोंडपाठ आहे, पण पाचशे शब्दांत ‘थिअरी ऑफ चेंज’, म्हणजे आपल्या कामातून बदल कसा घडतो याची मांडणी, लिहिता येत नाही. मी तो रकाना त्यांना मराठीत समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, मुलं बसतात, अभ्यास करतात, यात कसली थिअरी?” शेवटी माझ्या पुतणीने पुण्याहून तो मजकूर लिहून पाठवला आणि आम्हाला आमचेच काम ओळखू येईना. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालवणाऱ्या या शहरात मुलांना बसून वाचायला जागा का हवी, हे इंग्रजीत पटवून द्यावे लागते.

आता पैशांकडे येतो. अर्जात आमची खरी गरज आम्ही स्वच्छ लिहिली होती: विजेचे बिल महिन्याला साधारण एकोणीसशे आणि संध्याकाळी हॉल उघडून रात्री बंद करणाऱ्या ताईंचे मानधन तीन हजार. दोन्हीवर लाल रेघ आली. कारण काय, तर हा ‘आवर्ती खर्च’ आहे आणि प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देता येत नाही. हे पाच टक्क्यांचे पालुपद मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की शेवटी नियमच काढून वाचला. सीएसआरच्या नियमांतली ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करायच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. अभ्यासिका उघडणारी बाई म्हणजे प्रशासन नव्हे, ती म्हणजेच प्रकल्प! ती आली नाही तर कुलूप निघत नाही. हे मी लिहून कळवले, त्यावर ‘आमचे अंतर्गत धोरण’ असे तीन शब्दांचे उत्तर आले.

मग मंजूर काय झाले? सहा पंखे, आठ बाके आणि दात्याच्या नावाचा एक फलक. पंखे दिले, पण ते फिरवणारी वीज अनुज्ञेय नाही.

बाकांचीही कथा आहे. आमच्या गल्लीतल्या सुताराने सागवानी पट्ट्या वापरून मजबूत बाके करून दिली आणि साध्या छापील बिलावर सही केली. ते बिल नामंजूर झाले, कारण त्यावर जीएसटी क्रमांक नाही. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या अशा कारागिराला ती नोंदणी घेण्याची सक्ती कायदाच करत नाही, हे सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. त्यांना तीन कोटेशने हवी होती, तीही तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर. वस्तीच्या विकासाचा पैसा वस्तीतल्या सुताराकडे जाऊ नये यासाठी इतकी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पंख्यांचे प्रकरण तर सांगूनही खोटे वाटेल. प्रत्येक पंख्यावर फाउंडेशनच्या बोधचिन्हाचे स्टिकर लावायचे आणि वस्तू ‘वापरात असतानाचा’ जिओ-टॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो पाठवायचा, अशी अट होती. आम्ही पंखे लावून, मुले खाली बसवून फोटो पाठवले. शेरा आला की बोधचिन्ह वाचता येत नाही. येईल कसे, पंखा फिरत होता! मग पंखे बंद करून, वायरमनला शिडीवर चढवून, जवळून फोटो काढून पाठवले. शेरा आला की वस्तू वापरात असल्याचे दिसत नाही. हा पत्रव्यवहार सतरा दिवस चालला आणि त्या सतरा दिवसांत वायरमनने तीन वेळा शिडी आणली. त्याला तिन्ही वेळा आम्ही खिशातून पैसे दिले, कारण ‘फोटो काढण्यासाठी शिडी’ असा खर्चाचा प्रकार कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

काकांच्या वहीतला दुसऱ्या बाजूचा हिशेबही देतो. लेखापालाचे प्रमाणपत्र साडेतीन हजार, डिजिटल सही अठराशे, करारनाम्याचा मुद्रांक पाचशे, नोटरी तीनशे, झेरॉक्स, बाइंडिंग आणि कुरिअर मिळून नऊशे. झाले सात हजार. यातला एक रुपयाही अनुदानातून चालत नाही. पहिला हप्ता चोवीस हजारांचा आला. उरलेले सोळा हजार अहवाल मंजूर झाल्यावर येणार होते. अहवाल देऊन नऊ महिने झाले. दुकानदार मात्र नऊ महिने थांबत नाही, म्हणून ते सोळा हजार काकूंनी आपल्या भिशीच्या पैशांतून भरले आहेत. म्हणजे आज या घडीला फाउंडेशनच्या नावाच्या फलकाखालच्या वस्तूंना भाजी विकणाऱ्या बाईचे पैसे लागलेले आहेत. फलकावर तिचे नाव नाही.

या सगळ्याला हे लोक ‘कम्युनिटी फाउंडेशनचे मॉडेल’ म्हणतात, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. ही कल्पना 1914 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने मांडली. मेलेल्या धनिकांच्या जुन्या अटींत पैसा अडकून पडू नये, तो शहराच्या एका निधीत यावा आणि बदलत्या गरजा पाहून त्याच शहरातल्या नागरिकांच्या समितीने तो वाटावा, असा तिचा गाभा होता. इथे मात्र गरज कोणती हे मुंबईतल्या कार्यालयात बसून ठरते, आणि आम्ही आहोत ते फक्त ‘बेनिफिशियरी’ या रकान्यात. आमच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्यांपैकी एकानेही वाघाडीचा पूल ओलांडलेला नाही. पाहणीला एकजण आले होते, त्यांना अकरा वाजता यायचे होते आणि मुले संध्याकाळी येतात असे सांगूनही ते अकरालाच आले, आणि ‘उपस्थिती शून्य’ असे लिहून मिसळ खाऊन गेले.

आमच्या गल्लीतले गणपती मंडळ धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क ची परवानगी काढून वर्गणी जमवते आणि अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभरात फळ्यावर खडूने जमाखर्च लिहिते. ज्याने एक्कावन्न रुपये दिले तोही उभा राहून विचारतो, मांडवाला इतके कसे लागले? त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळते. तपासणी म्हणतात ती याला.

मंगळवारी फाउंडेशनचा मेल आला. दुसऱ्या हप्त्याची फाइल पुढे सरकली आहे, परंतु पंख्यांच्या फोटोंवरची तारीख आता सहा महिन्यांहून जुनी झाल्यामुळे नवे फोटो पाठवावेत, बोधचिन्ह वाचता येईल आणि वस्तू वापरात असल्याचे दिसेल अशा बेताने. काका वायरमनकडे शिडी मागायला गेले आहेत.