पंधराशेवाले काका

आज सकाळी सव्वासहाला फाटक वाजलं. दूधवाला समजून पातेलं घेऊन बाहेर आलो, तर समोर आठ-नऊ वर्षांचं पोरगं. हातात सायकल, मागचं चाक पार बसलेलं.

"पंधराशेवाले काका अठेच राहतस का?"

मला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर बँकेतला हुद्दाही आहे. पण गेल्या रविवारपासून धुळ्यातल्या आमच्या निम्म्या देवपुरात मी पंधराशेवाला झालोय, आणि हे उपकार एकट्या आबांचे.

सायकलची हौस मला चाळिशीनंतर लागली. रविवारी धुळ्याहून लळिंगपर्यंत जायचं, किल्ल्याकडे खालूनच बघायचं आणि भजी खाऊन परतायचं. मे महिन्यात तिकडेच पंक्चर झालं. वाटेत पंक्चरची तीन दुकानं लागली. ट्रकचं करतात, ट्यूबलेस करतात, "सायकलचं नाही करत." एकाने दया येऊन हवेची नळी पुढे केली, तर माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह परदेशी वळणाचा, काडीसारखा बारीक. नळी बसेना. उन्हात सायकल ढकलत घरी आणली. दहा रुपयांच्या कामाला हात लावायला आता कोणी तयार नाही, आणि तरी सगळे आपल्याला 'सायकल चालवा, तब्येत सांभाळा' म्हणून सांगत असतात.

पंक्चर कशाने, तर सराट्याने. हा काटा जमिनीवर कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. आमचे वडील त्याच सराट्याचं चूर्ण गोखरू या भारदस्त नावाने मुतखड्यावर घेतात, डबीला पैसे मोजून. मला टायरमध्ये फुकट मिळाला.

म्हणून सायकल दुरुस्ती शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. एक दिवस, 1500 रुपये, जागा मंगल कार्यालयाचा मांडव, शिकवायला पुण्याहून आलेला एक तरुण. शेजारी राहणारे आबा सावलीला म्हणून खुर्ची टाकून बसले होते. वर्गात आम्ही बाराजण होतो. त्यांनी मलाच का निवडलं, कळत नाही.

"भाऊ, ह्या बठा पंचर काढानं शिकी राहिनात?"

"हो आबा."

"कितला पैसा दिधात?"

"पंधराशे," मी हळूच म्हणालो.

"कितला?"

"पंधराशे!" मांडवभर घुमलं.

आबांनी तपकिरीची डबी मिटली. "जेवन शे का त्यामा?"

"पोहे आहेत."

"मंग सायकल भेटस का?"

"सायकल माझीच आहे."

"ती कितलाले?"

इथे मी खोटं बोललो, निम्मीच किंमत सांगितली. त्या निम्म्या किमतीलाही आबा खुर्चीतून उठले. "इतलामा तं म्हैस येस, भाऊ. आन म्हैसले पंचर व्हत नही."

तेवढ्यात पेडल काढायचा धडा आला. 15 नंबरचा पान्हा लावून मी डावं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवायला लागलो. "उलटं फिरव," मागून आवाज. "माहितीये आबा," म्हणून मी आणखी जोर लावला. पान्हा सटकला आणि बोटांची सालटी निघाली. मग मास्तरांनी सगळ्यांना बोलावून माझ्या सायकलीवर समजावून सांगितलं: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सैल होईल. विमानवाले राइट बंधू आधी सायकलीच विकायचे, आणि 1900 साली त्यांनी आपल्या सायकलींना असेच उलटे आटे दिले होते म्हणे. म्हणजे 1903 ला विमान उडवण्याआधी या भावांनी माझी फजिती करून ठेवली होती. आडनाव राइट आणि आटे लेफ्ट! पेडल तर मी इतकं आवळून ठेवलं होतं की शेवटी मास्तर आणि आणखी एकाने मिळून ते काढलं. दोघांपैकी एकही माझ्याकडे बघून हसला नाही, हे जास्त लागलं.

आबांना मात्र एकट्याने ही मजा बघवेना. रस्त्याने एक दूधवाला चालला होता, त्याला हाक मारली. "ये ना रे, दख! ह्या भाऊ पंधराशे दिसन पंचर काढानं शिकी राहिनात."

दूधवाल्याने किटल्यांसकट गाडी थांबवली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझे काळे हात, गुडघ्याला ग्रीस, बोटातून रक्त. मग अगदी कळवळून आबांना विचारलं, "भाऊनी नोकरी गई का?"

"नही रे, बँकमा शेत," आबा म्हणाले. "हौस शे."

नोकरी गेली असती तर परवडलं असतं. 'हौस' हा शब्द त्यांनी ज्या सुरात म्हटला, त्या सुरात आमच्याकडे लोक जुगार म्हणतात. दूधवाल्याच्या रतिबाला देवपुरातली किती घरं आहेत ते आता मला नीट कळलंय.

असो. पोरगं दारात उभंच होतं. "आबानी धाडं," म्हणालं. टायर उतरवलं, ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला, घासून सोल्युशन लावलं. ते सुकेपर्यंत थांबायचं असतं. पोराला शाळेची घाई, तरी मी वर्गात शिकवल्याप्रमाणे थांबलो. ठिगळ छान बसलं. हवा भरली आणि अर्ध्या मिनिटात फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा राहिला होता.

"आबा म्हणे, पहिले काटा दखतस," पोरगं शांतपणे म्हणालं.

दुसरं ठिगळ लावलं. पोराने खिशातून चुरगळलेली दहाची नोट काढली. समोरच्या वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबल्या होत्या. मी नोट घेतली. हवेचे वेगळे दोन मागायला हवे होते, हे आत्ता सुचतंय.