ब्राइटनेस फुलच आहे

लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्या प्रत्येकाने, अगदी ऑफिसखालच्या चहावाल्यानेसुद्धा, "मग ब्राइटनेस वाढवायचा ना" असं अतिशय दयेने सुचवलंय. वाढवला होता हो. बटण दाबून दाबून बोट दुखलं. ते दाबलं की पडद्यावर छोटं सूर्याचं चित्र येतं ना, तेसुद्धा दिसेना, कारण वर खरा होता.

तर मे महिना, पुणे, गुरुवार. लाईट गेलेली म्हणजे वायफाय गेलेलं, आमच्या तळमजल्यावर मोबाईलची रेंज कधीच नसते, आणि बारा वाजता क्लायंटला एक्सेलमधले आकडे वाचून दाखवायचे होते. गेलो गच्चीवर.

गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळवण राखत बसलेल्या. उन्हात साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया. म्हटलं आपण आपलं टाकीच्या सावलीत बसू, तर लगेच, "तिकडे नको रे, तिकडे शेवया आहेत, शेवया सावलीतच वाळवायच्या असतात." म्हणजे ऊन पापड्यांना, सावली शेवयांना, आणि मेंटेनन्स दर महिन्याला मी पण भरतो. शेवटी कुरडयांचं प्लास्टिक आणि डिशची छत्री यांच्या मधली फूटभर जागा मला मिळाली, तीही "बसलाच आहेस तर कबुतरं हाकल" या अटीवर.

लॅपटॉप उघडला. एक्सेल नव्हतं, मी होतो. मी, मागे टाकी, टाकीवर कावळा, सगळं एचडीत. हल्ली सगळ्यात डार्क मोड, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, लावून ठेवायची फॅशन आहे, डोळ्यांना बरं असतं म्हणतात, तो उन्हात निव्वळ आरसा होतो. काकू मागून वाकल्या, पडद्यात बघून टिकली सरळ केली आणि म्हणाल्या, "छान आहे रे. केवढ्याला?"

"साठ हजार."

"आणि यात दिसत काहीच नाही?"

"दिसतं काकू, घरात दिसतं."

"घरात तर सगळंच दिसतं." मग जरा थांबून, "ब्राइटनेस वाढव की."

नंतर रागारागात यामागचं शास्त्र वाचून काढलं ते सांगतो. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. दुकानात मला रॅम सांगितली, एसएसडी सांगितली, बॅग फुकट दिली, निट्स कोणी सांगितले नाहीत, ते बारीक अक्षरात असतात. माझे २५०. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (हे अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप) प्रकाश पडतो, आणि तो पांढऱ्या शर्टावर पडला की शर्टच २५-३० हजार निट्सने उजळतो. चकचकीत काच त्यातला चारेक टक्के परत फेकते, म्हणजे हजार-बाराशे. थोडक्यात माझं एक्सेल अडीचशेने लुकलुकतंय आणि माझाच शर्ट हजाराने. आणि शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, क्लायंटसाठी मुद्दाम घातलेला!

तोवर हे काही माहीत नव्हतं, म्हणून खिशातला गॉगल काढून लावला. महागातला, पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश आत सोडणारा. पडदा पार काळा. लॅपटॉपचा प्रकाश पोलराइज्डच असतो म्हणे, तो आणि गॉगल आडवे-उभे आले की सगळं बंद. मान डावीकडे पूर्ण वाकवली की मात्र अंधुक अंधुक रकाने दिसायला लागायचे, म्हणून मी कान खांद्याला लावून बसलो.

"मान अवघडली का रे? लसणाचं तेल चोळून देऊ?"

"नको काकू, असं केलं की दिसतं."

काकूंनी मान तिरकी करून बघितलं. "मला तर नाही दिसत."

"तुम्हाला गॉगल नाही."

"म्हणजे साठ हजार घालायचे, वर गॉगल घ्यायचा, वर मान मोडून घ्यायची," असं म्हणून त्यांनी पिशवीतून काकांचा जुना नोकिया ११०० काढला, जो त्या अजून गजराला वापरतात, आणि माझ्या नाकासमोर धरला. भर उन्हात अकरा चाळीस स्वच्छ दिसत होते, बॅटरीच्या दांड्यांसकट. "हे बघ. याचा ब्राइटनेस कुणी वाढवलाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजून नाही. घड्याळ दिसतं, कॅल्क्युलेटर दिसतो, भाजीवाल्याचा काटा दिसतो, फक्त ज्याला पोर्टेबल पोर्टेबल म्हणून विकतात तेच दिसत नाही. जाहिरातीत बघा, पोरगी समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन हसतेय. कशाला हसतेय? तिला काय दिसतंय? बरं, हे जमत नाही असंही नाही. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'वाल्यांनी गरीब देशांतल्या पोरांसाठी एक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप काढला होता, शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला, तेवढ्यात तो कधी बसला नाही ते सोडा. पण त्याचा पडदा मेरी लू जेप्सन या बाईंनी असा बनवला होता की उन्हात मागचा दिवा बंद केला तरी काळ्या-पांढऱ्यात अक्षर वाचता यायचं, उन्हाशी भांडायचंच नाही, तेच ऊन पडद्यावरून परत फेकायचं. आणि भारतात त्याची पहिली चाचणी कुठे झाली? कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या शाळेत! म्हणजे कर्जतची पोरं २००७ साली अंगणात बसून लॅपटॉप वाचू शकत होती आणि मी आज साठ हजार मोजून पुण्याच्या गच्चीवर स्वतःच्या नाकपुड्या बघतोय. कारण उघड आहे, दुकानात ट्यूबलाईटखाली जो पडदा चकाकतो तोच आपण घेतो, आणि मग कंपन्या तोच बनवतात. असो. म्हणजे असो काय, चीड येते.

अकरा पन्नासला काकू अचानक उठल्या, "थांब" म्हणाल्या, आणि खालून एक काळी साडी घेऊन आल्या. संक्रांतीची. वर चमचम खडी. "एकदाच नेसलेय. डोक्यावरून घे आणि आत बस. पूर्वी फोटोवाले नाही का घुसायचे." मी नको नको म्हणत होतो तोवर ती माझ्या अंगावर पडलीही होती.

आणि सांगायला लाज वाटते, पण दिसलं. सगळं दिसलं! सेलच्या रेघा दिसल्या, कर्सर दिसला. बाहेर ऊन, आत अंधार, अडीचशे निट्स पुरून उरले. फक्त आत भट्टी होती. लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात ३५ अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, पुण्यात मे महिन्यात दुपारपर्यंत तेवढं सहज होतं, आणि इथे वर साडी. पंखा असा घोंगावायला लागला की क्लायंटने विचारलं तुम्ही विमानतळावर आहात का. कॅमेरा चालू होता. मागे काळा अंधार, त्यात चमकणाऱ्या टिकल्या, मधे घामाने निथळणारा मी दुसऱ्या तिमाहीचे आकडे वाचतोय, आणि बाहेरून दर दोन मिनिटांनी काकूंचं "अरे, कबुतर! हाकल ना!" क्लायंटला बहुतेक ते तिमाहीबद्दलच वाटलं, कारण तो पुढे एकही प्रश्न न विचारता फोन ठेवून मोकळा झाला.

तेवढ्यात समोरच्या बी विंगमधून कुणीतरी बघितलं. भर बारा वाजता गच्चीवर काळी साडी डोक्यावरून घेतलेलं, मधूनच एक हात बाहेर काढून हवेत झटकणारं काहीतरी. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली "कोण आहे हे?", मग "उद्या अमावस्या आहे का", मग कुणीतरी लिंबाचं चित्र टाकलं, आणि वॉचमन काठी घेऊन वर. काकू तेव्हा नेमक्या पाणी प्यायला खाली गेल्या होत्या. मी साडीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा तो जितका दचकला तितका मी पण दचकलो, पण ग्रुपवर फक्त माझं आलं.

संध्याकाळी सेक्रेटरींची नोटीस. गच्चीचा वापर वाळवण व १५ ऑगस्टचं झेंडावंदन एवढ्यासाठीच करावा, अन्य "विचित्र प्रकार" आढळल्यास दंड होईल. मी लांबलचक उत्तर टाइप केलं, निट्स, लक्स, पांढरा शर्ट, खैरात, सगळं घातलं, आणि काकू माझी बाजू घेतील म्हणून वाट बघत थांबलो. नोटिशीवर पहिला अंगठा काकूंचा होता. त्यानंतर त्यांचा मला पर्सनल मेसेज, "साडी ड्रायक्लीनला टाक, घरी धुवू नको, खडी जाते."