पाळी जाण्याच्या वयातली सिस्टर आणि तिची नाइट

पाळी जाण्याच्या वयातल्या नर्सेसना सलग नाइट लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी काम करते. पन्नाशी जवळ आली आहे, म्हणून हे ऐकीव नाही.

आमच्याकडे नाइट म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ. तिशीत मी ती सहज काढायचे. घरी येऊन मुलांचे डबे करायचे आणि मग झोपायचे. पंचेचाळिशीनंतर ते जमेना. पहाटे तीनच्या सुमाराला, एसी चालू असताना छातीतून गरम लाट वर यायची, मान आणि चेहरा भिजून जायचा, आणि थोड्या वेळाने थंडी वाजायची. अशा वेळी समोर सुईसाठी कुणाची तरी व्हेन (शीर) शोधायची असते, कुणाचा औषधाचा पंप सेट करायचा असतो. हात थरथरून चालत नाही. आणि घरी आल्यावर मे महिन्याच्या उन्हात, पडदे ओढूनही डोळा लागत नाही.

यात मनाच्या कमजोरीचा काही संबंध नाही. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी-जास्त होत उतरायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. जरासा फरक पडला तरी घाम सोडून शरीर गार करायला धावतं. त्यात रात्रभर दिव्यांखाली राहिल्याने झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. म्हणजे वयही झोपेवर उठलेलं आणि ड्यूटीही. याच वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, आणि आम्ही बेशुद्ध पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवत असतो.

हे सांगायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, "सिस्टर, सबको होता है." होतं ना सगळ्यांना! म्हणूनच तर ड्यूटी लावताना त्याचा विचार व्हायला हवा.

मला नाइटमधून कायमची सुटका नको आहे. तसं केलं तर सगळा भार नव्या मुलींवर पडेल, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी तान्ही बाळं आहेत. माझं मागणं साधं आहे: दोनपेक्षा जास्त नाइट सलग नकोत, त्यानंतर पूर्ण ऑफ मिळावा, पॉलिस्टरऐवजी सुती युनिफॉर्म असावा, आणि ड्यूटी रूममध्ये चालणारा पंखा असावा. यात हॉस्पिटलचं दिवाळं निघत नाही. उलट माझ्या वयाच्या सिस्टर कंटाळून घरी बसल्या तर जे जातं ते भरून येत नाही. पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, तो उगाच अस्वस्थ होतो, चादर चिवडायला लागतो. मॉनिटर वाजायच्या आधी हे ओळखणारी नजर वर्षानुवर्षं बेडशेजारी उभं राहिल्यावरच येते. ती बाई पंचेचाळिशीत नोकरी सोडते आणि आपण म्हणतो, घरची अडचण असेल.

आता राजेंद्र नगर, सुदामा नगर, टिळक नगरातल्या माझ्या मैत्रिणींसाठी. भिशीत, हळदीकुंकवात भेटता तेव्हा हळूच बाजूला घेऊन विचारता, म्हणून इथे उघडच लिहिते. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर सुरू झालेला त्रास "इतक्या लवकर कसा?" म्हणून उडवून लावू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, लक्षणं बरीच सारखी असतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, तोपर्यंत गर्भ राहू शकतो. या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती 2002 च्या अमेरिकी अभ्यासानंतर पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईसाठी फायद्या-तोट्याचा हिशेब बहुधा वेगळा असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांसाठी मात्र त्या सहसा नाहीत. हे तुमच्या डॉक्टरीणबाईंशी बसून नीट बोला.

आणि पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेकदा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूणही तीच असते. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मला मेसेज करा. माझा ऑफ असेल त्या दिवशी मी सोबत येईन.