चारही २५ टक्के? नाही हो!

लेखातलं 'डीएनएमध्ये ए, टी, जी, सी हे चारही बेस प्रत्येकी २५ टक्के असतात' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. कोल्हापुरात राजारामपुरीत बारावीचे क्लास घेतो, हीच चूक दरवर्षी पोरांच्या वहीत दिसते. बेस म्हणजे डीएनएच्या धाग्यातले रासायनिक घटक. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात आणि बंधन फक्त जोडीचं आहे: ए समोर टी, जी समोर सी. म्हणून ए जेवढे तेवढेच टी, आणि जी जेवढे तेवढेच सी. पण ए-टी जोड्या किती आणि जी-सी किती, हे प्रत्येक सजीवाचं वेगळं. मी वर्गात चप्पल लाईनचं, म्हणजे आमच्या चपलांच्या बाजाराचं उदाहरण देतो. दुकानात डावी-उजवी सारखीच भरणार, पण सात नंबरचे जोड किती ठेवायचे आणि नऊचे किती, ते दुकानदाराच्या मर्जीवर! माणसात ए साधारण ३० टक्के, म्हणजे टी पण ३०; उरलेल्या ४० चे जी २०, सी २०. क्षयाच्या जिवाणूत जी-सी मिळूनच ६५ टक्क्यांच्या आसपास जातात. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत चारही जवळपास २५ येतात, बहुधा तिथूनच घोटाळा झाला असावा.

जीवरसायनशास्त्रज्ञ चारगाफ यांनी १९५० च्या सुमारास नेमकी 'सगळे समान' हीच समजूत मोडली होती, आणि जोडीचं कारण कळलं ते १९५३ मध्ये वॉटसन-क्रिक यांच्या डीएनएच्या रचनेच्या मॉडेलनंतर. आणखी एक राहिलं. हा हिशोब दुहेरी, म्हणजे दोन धाग्यांच्या डीएनएचाच. फाय-एक्स-१७४ या विषाणूचा डीएनए एकेरी, तिथे ए आणि टी जुळत नाहीत. डावी चप्पल एकटीच असली की उजवीचा अंदाज कशावरून बांधणार?