ठोके १३८ आणि तरी एसव्हीटी? चिकोडीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की एसव्हीटीत, म्हणजे हृदयाच्या विजेतल्या गडबडीनं ठोके एकदम धावायला लागतात त्या आजारात, ते बहुधा मिनिटाला १५० ते २५० असतात. झटका थांबवायला सिरिंजमध्ये फुंकायचा उपायही दिला होता. तुमचं म्हणणं असं, की ६४ वर्षांच्या आईंचे ठोके १३८ होते, तरी डॉक्टरांनी एसव्हीटीच सांगितलं. तालमीत जाणाऱ्या १९ वर्षांच्या पुतण्याचे १९० जातात आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. म्हणून हे आकडे म्हणजे 'लोकांना घाबरवायचा धंदा', आणि सिरिंज फुंकायला सांगणं हा अघोरीपणा.

धंद्याचं राहू दे. १३८ चं बघू.

आईंना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते मेख तिथंच आहे. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एव्ही नोड नावाची जागा असते. काहींना तिथं विजेच्या दोन वाटा असतात, एक जलद, एक संथ. एखादा ठोका अवेळी पडला की वीज एका वाटेनं उतरते, दुसरीनं परत चढते आणि तिथंच फिरत राहते. चन्नम्मा चौकात एखादी रिक्षा कुठल्याच रस्त्याला न वळता नुसती गोल फिरत राहावी, तसं. प्रत्येक फेरीला एक ठोका. फेरी ०.३ सेकंदात झाली तर मिनिटाला २००. तीच ०.४३ सेकंदाची झाली तर १४० च्या जरा आत. मेटोप्रोलॉल नेमकी एव्ही नोडमधली वाट संथ करतं, वयानंही ती संथ होते. म्हणजे आजार तोच, फेरी लांबलेली. मी 'बहुधा' लिहिलं होतं ते यासाठीच.

पुतण्याचं सोपं आहे. २२० वजा वय, म्हणजे २०१. हा सरासरीचा हिशोब, दहा-बारा इकडेतिकडे धरायचे. मेहनत करताना १९० झाले तर झाले. पण त्याचे ठोके चढत गेले आणि बसल्यावर उतरत गेले. आईंचं काय झालं? तुम्हीच लिहिलंय : भाकरी थापताना एकदम सुरू, पाऊण तासानं एकदम बंद, मधे आडव्या झाल्या, पाणी प्याल्या, तरी आकडा १३६-१३८ वरून हलला नाही. मला आकड्यापेक्षा ही चाल जास्त सांगते. झटका थांबल्यावर लघवीला बऱ्याचदा जावं लागलं का, तेही त्यांना विचारा. पुष्कळांना होतं, आणि बायका ते डॉक्टरला सांगत नाहीत.

मग आकडा फुकाचा का? इथं मात्र तुमचं मला पटत नाही. ठोके १५० वर खिळून बसले असतील तर मी आधी एट्रियल फ्लटर शोधतो, ती वरच्या कप्प्यांची वेगळी गडबड. त्यात वरचे कप्पे साधारण ३०० नं चालतात आणि दर दुसरा ठोकाच खाली पोचतो. तान्ह्या बाळाला नुसत्या तापानंही १८० होतात, पण २२० च्या वर गेले तर एसव्हीटीचा संशय घ्यावाच लागतो. फक्त तो आकडा घरातल्या ऑक्सिमीटरचा नको. झटक्यात नाडी बारीक लागते आणि ते यंत्र ठोके गाळतं.

खरी अडचण ईसीजीची आहे. झटका चालू असताना पट्टी निघाली पाहिजे, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस बेळगावला पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो. पट्टी नॉर्मल निघते आणि 'पित्त', 'टेन्शन' म्हणून परत पाठवतात. म्हणून मोठ्या दवाखान्याची वाट न बघता जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं आधी काढावा. आईंचा निघाला, हे नशीब समजा. त्या कागदावरच्या रेघा हळूहळू पुसट होतात, आजच फोटो काढा. आपली निम्मी माणसं बेळगावला दाखवतात, निम्मी मिरज-कोल्हापूरला, आणि जुना कागद नेमका दुसऱ्याच गावी राहतो.

आता सिरिंज. इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १५ सेकंद जोर करून फुंकायचं, लगेच आडवं करून पाय वर धरायचे. यानं ४३ टक्के जणांचा झटका थांबला. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत हेच प्रमाण १७ टक्के होतं. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलेल एवढाच जोर लागतो. पहिल्यांदा मात्र डॉक्टरसमोरच करावं. छातीत दुखतंय, घेरी येतेय, दम लागतोय तर फुंकत बसू नका, १०८ ला फोन लावा. अघोरी म्हणायचंच तर डोळे दाबणं आणि घरी मानेची शीर चोळणं याला म्हणा. आईंच्या वयात मानेच्या शिरेतली गुठळी सुटून लकवा होऊ शकतो.

राहिला ॲब्लेशनचा, म्हणजे नळी घालून ती जादा वाट जाळून टाकण्याचा प्रश्न. तो १३८ वरून ठरत नाही. झटके किती वेळा येतात आणि त्यांना किती सोसवतात, यावर ठरतो. या प्रकारात शंभरातल्या ९५ पेक्षा जास्त जणांना गुण येतो, एखाद्याला पेसमेकर लागू शकतो. पहिलाच झटका असेल तर मी थांबेन. महिन्याला येत असतील तर हृदयाच्या विजेचं काम बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवेन. तोवर मेटोप्रोलॉल आपल्या मनानं बंद करू नका.