चिंधी जपली, तागा टाकला

जुन्या पिढीच्या काटकसरीची जे टिंगल करतात, त्यांना बायबलमधलं मत्तय 9:16 हे वचन अर्धंच कळतं, असं माझं मत आहे. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, कारण ते ठिगळ वस्त्राला फाडतं आणि भोक मोठं होतं, असं ते वचन. आपण वाचतो आणि पुढे जातो. पण ज्याने आयुष्यभर कपडे दुरुस्त करून वापरले, त्याला कारण सांगावं लागत नाही. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुनं कापड आधीच आटून बसलेलं असतं, वर विरलेलं. ठिगळ आटलं की चारी बाजूंनी ओढ बसते. तेव्हा टाका सुटत नाही, टाक्याशेजारचं विरलेलं कापडच फाटतं आणि होतं त्याहून मोठं भोक पडतं.

म्हणून जुनी माणसं ठिगळासाठी शक्यतो त्याच जातीच्या जुन्या कपड्यातला तुकडा शोधायची. नवाच वापरायची वेळ आली तर तो कोमट पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचा. फाटलेला भाग उजेडासमोर धरायचा. भोकाभोवती जेवढ्या कापडातून उजेड जास्त झिरपतो तेवढं सगळं विरलेलं समजायचं आणि ठिगळ त्याच्याही पुढे दोन बोटं न्यायचं. फक्त भोकापुरतं ठिगळ लावलं की महिन्याभरात त्याच्या कडेने फाटतं. उभा धागा उभ्याला, आडवा आडव्याला. नाहीतर धुतल्यावर चुण्या पडतात. कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो.

चादरीचंही असंच. चादर विरते मधोमध, कडा मात्र धडधाकट राहतात. मग ती लांबीत मधून कापायची, बाहेरचे दोन्ही काठ मध्ये आणून एकमेकांना जोडायचे आणि नव्याने उघड्या पडलेल्या कडा दुमडून शिवायच्या. शिवण चपटी हवी, नाहीतर ती रात्रभर पाठीला टोचते. साबणाची उरलेली कपची नव्या वडीला चिकटवायची तर दोन्ही ओल्या करून, दाबून, रात्रभर सुकू द्यायची. लगेच वापरली की पहिल्याच हाताला घसरते. याला कंजुषी म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. यात पैशापेक्षा लक्ष जास्त लागतं.

आता माझी तक्रार, आणि ती याच माणसांबद्दल आहे. कापडाची चिंधी टाकून न देणारी, सुतळीची गाठ कात्रीने न कापता सोडवणारी ही माणसं बायबलच्या बाबतीत मात्र भलतीच उधळी असतात. (आपली पिढीही असतेच, पण आपण काटकसरीचा दावा तरी करत नाही.) प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. त्यातले 929 जुन्या करारात, 260 नव्या करारात. एखाद्याचं झिजलेलं बायबल हातात घ्या. स्तोत्रांची पानं मऊ पडलेली, शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रांच्या, कडा काळवंडलेल्या, आणि लेवीयपासून इतिहासापर्यंत, यिर्मयापासून मलाखीपर्यंत पानं कोरी करकरीत. अख्खा तागा गुंडाळून ठेवलेला आणि वापरात चार-दोन चिंध्या.

चिंध्या कापायला सोय कोणी केली हेही लक्षात ठेवावं. नव्या कराराला आज दिसणारे वचनांचे आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. ते ग्रंथ लिहिणाऱ्या लूकने किंवा पौलाने नाही. संदर्भ शोधायला ते आकडे फार उपयोगी आहेत, पण वचन जिथे संपतं तिथे विचार संपतोच असं नाही.

काटकसरीवरच बघा. काटकसरी माणसाचं लाडकं वचन म्हणजे योहान 6:12. हजारो लोकांना भाकरी वाढल्यावर येशू शिष्यांना सांगतो, काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा. जोडीला नीतिसूत्रे 6 मधली, उन्हाळ्यात अन्न साठवणारी मुंगी. पण तुकड्यांच्या आधीचं वचन, योहान 6:11, सांगतं की लोकांना हवं तेवढं वाढलं गेलं. 12 व्या वचनाची सुरुवातच ते तृप्त झाल्यावर अशी आहे. आधी पोटभर वाढणं, मग तुकडे गोळा करणं. वाढतानाच हात आखडता घेणाऱ्याने या वचनाचा आधार घेऊ नये.

आणि त्याच शुभवर्तमानात सहा अध्याय पुढे, योहान 12 मध्ये, मरिया महागडं जटामांसीचं सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतते. तिथे हिशोब मांडतो तो येशूचा शिष्य यहूदा: तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? मत्तय 20:2 प्रमाणे एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई काही क्षणांत जमिनीवर. ज्याने भाकरीचे तुकडे वाया जाऊ दिले नाहीत, तोच इथे म्हणतो, तिच्या वाटेस जाऊ नका. दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचल्याशिवाय काटकसरीवर ख्रिस्ती मत देऊ नये असं मला वाटतं. फक्त सहावा वाचणारा चिक्कू होतो. फक्त बारावा वाचणारा उधारी करून दानशूर होतो, आणि ती उधारी बायकोमुलं फेडतात.

या विषयावर माझ्या मते सगळ्यात भक्कम अध्याय आहे निर्गम 16, आणि तो मान्न्याची, म्हणजे अरण्यात इस्राएली लोकांना रोज सकाळी मिळणाऱ्या अन्नाची, गोष्ट म्हणून रविवारच्या शाळेत मुलांना सांगून संपवला जातो. त्यातल्या सूचना बारकाईने बघा. माणशी एक ओमर गोळा करायचा. आजच्या मापात साधारण दोन लिटर धरतात. सकाळपर्यंत ठेवू नका असं सांगूनही काहींनी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा केला, दुसऱ्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवला, आणि तो खराब झाला नाही. पुढे एक ओमर पात्रात घालून पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवायची आज्ञा होते. वस्तू एकच. एकदा साठवणं चूक, एकदा साठवणं आज्ञा, एकदा साठवणं आठवण. जास्त गोळा करणाऱ्याचं उरलं नाही आणि थोडं गोळा करणाऱ्याला कमी पडलं नाही, हे 18 वं वचन पौल 2 करिंथ 8:15 मध्ये घेतो, आणि तेही यरुशलेमातल्या गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना. निर्गम न वाचता करिंथ वाचणाऱ्याला हा धागा दिसणारच नाही.

किडे पडण्याची गोष्ट घरातही खरी आहे, आणि जुन्या माणसांच्या काटकसरीची चूक बहुतेक वेळा इथेच होते. मुदत संपलेलं औषध अजून चांगलं आहे म्हणून कपाटात ठेवणं. इस्त्रीच्या चिरलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून वर्ष काढणं. ती पट्टी उष्णतेने सैल होते आणि तांब्याची तार उघडी पडते. शिजवलेलं अन्न बाहेर तासन्‌तास राहिल्यावर उकळलं की चालतं असं धरून चालणं; काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, नाहीतर टाका. आणि पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली, घडीवरच कसरीने खाल्लेली चांगली चादर! याकोब 5:2 मधली कसर लागलेली वस्त्रं ही कपाट उघडल्याशिवाय नीट कळत नाहीत.

लेवीय 19:9-10 तर काटकसरीच्या सरळ उलट जातं. शेताच्या कोनाकोपऱ्यापर्यंत कापू नका, द्राक्षमळ्यात खाली पडलेली फळं वेचू नका, ती गरीब आणि उपरी यांच्यासाठी ठेवा. अनुवाद 24 मध्ये शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जायचीही मनाई आहे. कोणत्याही हिशोबी माणसाला हे वायाच घालवणं वाटेल. पण परक्या देशातून आलेली विधवा रूथ जगली ती याच कोपऱ्यांवर. घरखर्चात याचं भाषांतर अवघड नाही: महिन्याचे पैसे आले की देण्याचा भाग आधी बाजूला काढायचा, उरलं तर देऊ असं नाही. 1 करिंथ 16:2 मध्ये पौलही आठवड्याच्या पहिल्या दिवशीच काढून ठेवायला सांगतो, कारण शेवटी काही उरत नाही हे त्यालाही ठाऊक असणार.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने अठराव्या शतकात याचं एक उदाहरण आकड्यांत मांडलं होतं. एका तरुणाचं उत्पन्न वर्षाला 30 पौंड. 28 मध्ये भागायचं, 2 द्यायचा. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28, दिले 32. मग 90 मिळाले, दिले 62. चौथ्या वर्षी 120 मिळाले, दिले 92. काटकसर दर वर्षी तीच, फक्त तिचं पाणी कुठे वळवलं ते बघा. लूक 12 मधल्या श्रीमंताने हेच पाणी कोठारं पाडून मोठी बांधायला वळवलं. पीक चांगलं आलं हा त्याचा दोष कुठेच म्हटलेला नाही.

मग वाचावं कसं? जानेवारीत उत्पत्तीपासून रोज तीन-चार अध्याय ही रीत मला पसंत नाही. ती कुठे मोडते ते ठरलेलं आहे. निर्गम 25 ते 31 मध्ये निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, मध्ये सोन्याचं वासरू, मग 35 ते 40 मध्ये तीच मापं पुन्हा, आणि लगेच लेवीयमध्ये सात अध्याय अर्पणांचे. गोष्ट थांबते आणि वाचकही थांबतो. फेब्रुवारीत 12 अध्यायांची थकबाकी झाली की वही बंद.

त्यापेक्षा दोन धागे चालवा. नवा करार आठवड्यात पाच दिवस, रोज एक अध्याय: 52 आठवड्यांत 260, बरोबर एका वर्षात एक फेरी. जुना करार आठवड्यात सहा दिवस, रोज एक अध्याय: तीन वर्षांत 936 दिवस मिळतात आणि अध्याय 929. मोठ्याने वाचला तरी एका अध्यायाला सरासरी चार-पाच मिनिटं लागतात. लेवीय 16, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचे विधी, आलं की त्या दिवशी नव्या कराराचा क्रम सोडून इब्री 9 वाचा; मापं आणि रक्त कशासाठी होतं ते तिथे उलगडतं. दिवस चुकला तर थकबाकी वसूल करू नका, कालचाच अध्याय आज वाचा आणि तारीख पुढे ढकला. एका दिवशी पाच अध्याय उरकणं म्हणजे कोऱ्या कापडाचं ठिगळ.

वचन वहीत उतरवण्याआधी बोलणारा कोण आहे ते लिहा. ईयोब 8:7, आरंभ अल्प असला तरी शेवट समृद्ध होईल, हे शुभेच्छापत्रावर शोभेल असं वाक्य आहे. पण ते ईयोबाचा मित्र बिल्दद याचं आहे, आणि 42:7 मध्ये परमेश्वर ईयोबाच्या त्या मित्रांबद्दल म्हणतो की ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. यिर्मया 29:11, तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत, हे लिहायचं असेल तर 10 वं वचनही लिहा. तिथे सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे.

आणि 936 मधून 929 वजा जाता जे सात दिवस उरतात, ते स्तोत्र 119 साठी ठेवा. 176 वचनं एका दिवसात वाचून होतात, पण डोक्यात राहत नाहीत. आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत. त्याचा ठरलेला एक दिवस आणि हे सात मिळून आठ दिवस: सात दिवस तीन-तीन, आठव्या दिवशी एकच.