तीन ते आठ वर्षांची पोरं एका आवारात ठेवा, मग समूह शाळेचं बोलू

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला 5+3+3+4 वर्षांचा आकृतिबंध प्रशिक्षणात इतक्यांदा दाखवून झालाय की आम्ही शिक्षक तो झोपेतही म्हणू. त्यातल्या पहिल्या पाचाबद्दल माझी तक्रार नाही. 2020 च्या धोरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत स्तर. सहावं लागलं म्हणून पोर एका रात्रीत बाकावर गप्प बसून लिहायला लागत नाही, हे उशिरा का होईना सरकारदरबारी मान्य झालं.

(मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. कोणी स्क्रीनशॉट काढणार असेल तर कृपया वरचा परिच्छेदही घ्यावा.)

तक्रार पुढची आहे. पाच वर्षं सलग म्हणायची आणि वाटायची दोन खात्यांत. अंगणवाडी महिला व बालविकासची, पहिली शालेय शिक्षणची. आमच्याकडे दोन्ही एकाच आवारात, मध्ये फक्त हातपंप. अंगणवाडीच्या ताईंना प्रत्येक पोराची खोड न् खोड माहीत असते. कोण तोतरं बोलतं, कोण चित्र दाखवलं की गोष्ट सांगत सुटतं, कोणाचं वजन पावसाळ्यात उतरतं. यातली वजन-उंची पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर जाते, बाकीचं ताईंच्या डोक्यातच राहतं. जूनमध्ये ते मूल हातपंप ओलांडून माझ्या वर्गात येतं तेव्हा माझ्या हातात त्याचं आधार आणि जन्मतारीख, बस्स. उरलेलं मी ताईंना चहा पिता पिता विचारून घेते. ज्या गावात अंगणवाडी समाजमंदिरात आणि शाळा दुसऱ्या टोकाला, तिथे तेवढीही सोय नाही.

आणि ताईंकडे शिकवायला वेळ किती उरतो? 'पोषण भी, पढाई भी' ही घोषणा चांगली आहे, अंगणवाडीसाठीचा 'आकार' अभ्यासक्रमही चांगला आहे. पण टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं द्यायची तर आधी आईचा चेहरा मोबाइलवर जुळला पाहिजे. आमच्याकडे रेंज मिळते ती टाकीच्या कट्ट्यावर. तिथे कडेवर तान्हं घेतलेली बाई उन्हात उभी, ताई सांगतायत ‘डोळे मिचकव, परत मिचकव’, आणि आत पंधरा पोरं मदतनीस बाईंच्या हवाली, ज्यांचं लक्ष चुलीवरच्या खिचडीकडे. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडीच्या बाया दीड महिन्याहून जास्त संपावर होत्या. तेव्हा सेविकेला 10,000 आणि मदतनिसाला 5,500 रुपये मानधन होतं. नंतर ते वाढलं, पण वेतनश्रेणी अजून नाहीच. पाया सगळ्यात महत्त्वाचा म्हणता, मग पाया घालणारीला शिक्षिका म्हणायला काय हरकत आहे?

अंगणवाडीचा विचार आपल्याच राज्यात सुरू झाला, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला (आता पालघर जिल्हा) गेल्या, अनुताई वाघ सोबत होत्या. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीवर, अंगणात नेली.

आता उलटी वाट सुरू आहे. सप्टेंबर 2023 मध्ये कमी पटाच्या शाळांचं समायोजन करून समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा, करायचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या समूह शाळांची उदाहरणं दाखवली गेली. तेव्हा राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा 14 हजारांहून जास्त होत्या. म्हणजे बहुतेक वाड्या-पाडे आलेच.

समूह शाळा म्हणजे सगळं वाईटच असं मी म्हणणार नाही. सहा पटाच्या शाळेत मी काम केलंय. चौथीतल्या एकुलत्या एक मुलीला भांडायलासुद्धा वर्गात कोणी नसतं. खो-खोचा संघ होत नाही, आणि एक शिक्षक मीटिंगला गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग. मोठ्या मुलांसाठी, पालकांची खरोखर संमती असेल तर, मोठी शाळा बरी पडू शकते.

पण पहिली-दुसरी? शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. आणि अंगणवाडी गावात ठेवून पहिली घाटाखाली नेली, तर तो सलग पायाभूत स्तर नेमका मधोमध तुटतो. मग हातपंपाच्या जागी डोंगर.

माझं म्हणणं सरळ आहे. तीन ते आठ वर्षांची पोरं गावातच, एका आवारात ठेवा. ताई आणि पहिलीची शिक्षिका यांचं प्रशिक्षण एकत्र घ्या आणि मुलाची नोंदवही एकच करा. पट चार असला तरी ही शाळा बंद होणार नाही, हे शासन निर्णयात लिहून द्या. तिसरीच्या पुढचं ग्रामसभेत ठरवू.

आणि तरीही पहिलीचं पोर गाडीतून न्यायचंच असेल, तर सकाळी सातला त्याच्याशेजारी कोणती बाई बसणार आणि तिचं मानधन कोणतं खातं देणार, तेवढं आधी सांगा.